दुसऱ्याची गळचेपी होते तेव्हा पत्रकार कुठे असतात?

सांजवाचक (धागाकर्ता):

सेन्सॉरशिपबद्दल कुठल्याही पत्रकाराला विचारा, तो विरोधातच असतो. पण कोणावरच्या सेन्सॉरशिपला विरोध, असं पुढे विचारलं की आवाज खाली येतो. स्वतःच्या दैनिकाला नोटीस आली तर पहिल्या पानावर चौकट, काळ्या फिती, जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन. शेजारच्या पत्राला आली तर आतल्या पानावर एक कॉलम. आणि एखाद्या यूट्यूबरला, व्यंगचित्रकाराला किंवा कॉलेजच्या पोराला पोस्टवरून पोलिसांनी उचललं तर बातमी थेट पोलिसांच्या प्रेसनोटवरून, त्यांच्याच शब्दांत. त्या पोराची बाजू विचारायला फोनही जात नाही.

माझं म्हणणं असं की आपल्याकडच्या पत्रकारितेने अभिव्यक्तिस्वातंत्र्य हे स्वतःच्या धंद्याचं कवच म्हणून जपलं, नागरिकाचा हक्क म्हणून त्यासाठी फार कमी वेळा भांडली. त्यामुळे आता ते कवचही उरलेलं नाही.

खरं तर घटनेने असं काही वेगळं कवच दिलेलंच नाही. संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये वृत्तपत्रस्वातंत्र्याचा स्वतंत्र उल्लेख करावा अशी मागणी झाली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. वृत्तपत्राला असा कुठलाही खास हक्क नाही जो साध्या नागरिकाला नाही, संपादक लिहितो तेव्हा तो नागरिकाचाच हक्क बजावत असतो, ही त्यांची भूमिका होती. म्हणून आज कलम १९(१)(क) मध्ये ‘वृत्तपत्र’ हा शब्द सापडत नाही. संपादकाचा हक्क आणि चौकात भाषण करणाऱ्याचा हक्क एकच.

हे लक्षात घेऊन १९५० कडे बघा. ‘क्रॉसरोड्स’ हे डाव्यांचं साप्ताहिक. मद्रास सरकारने त्याला राज्यात यायला बंदी केली. ‘ऑर्गनायझर’ हे संघविचाराचं साप्ताहिक. दिल्लीच्या प्रशासनाने त्याला छापण्याआधी मजकूर तपासून घ्यायचा हुकूम काढला. दोन्ही पत्रांच्या वाचकांमधून विस्तव जात नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २६ मे १९५० रोजी, एकाच दिवशी, दोन्ही हुकूम रद्द केले. आज या दोन पत्रांचे वारस एकमेकांसाठी उभे राहतील? उलट, ‘त्यांच्या’ पोर्टलवर कधी बंदी येते याची वाट बघणारे पत्रकार मी बघतो, आणि जीव तुटतो.

पत्रकारितेत काम केलेल्यांनी, करणाऱ्यांनी लिहावं. वाचकांनीही.

---

प्रूफशोधक:

मुद्दा महत्त्वाचा, पण एकांगी वाटतो. बिहारच्या १९८२ च्या प्रेस विधेयकाविरुद्ध देशभरातले पत्रकार रस्त्यावर आले होते, सरकारला ते मागे घ्यावं लागलं. १९८८ चं बदनामी विधेयक लोकसभेत मंजूर झालेलं होतं. तरीही संपादक आणि मालक, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे, दिल्लीत एकत्र मोर्चात चालले आणि राजीव गांधींना ते सोडून द्यावं लागलं. तेव्हा संसदेत सरकारकडे चारशेहून जास्त जागा होत्या. २०१६ मध्ये एका हिंदी वृत्तवाहिनीला एक दिवस प्रक्षेपण बंद ठेवण्याचा हुकूम निघाला, तोही निषेधानंतर स्थगित झाला. ही एकजूट विसरू नका.

---

सांजवाचक:

विसरलो नाही. पण तुम्ही दिलेली तिन्ही उदाहरणं परत बघा. तिन्ही वेळा आच पत्रकारांच्या अंगाला लागत होती. २०१२ मध्ये पालघरला दोन मुलींना फेसबुकवरच्या पोस्टसाठी अटक झाली. एकीने लिहिलं, दुसरीने नुसतं ‘लाइक’ केलं. ज्या कलमामुळे हे शक्य झालं ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ २०१५ मध्ये रद्द झालं, ते एका कायद्याच्या विद्यार्थिनीने न्यायालयाचं दार ठोठावलं म्हणून. आपल्या संपादकांनी त्यावर अग्रलेख लिहिले, चांगले लिहिले. पण १९८८ सारखा मोर्चा काही निघाला नाही.

---

निळी_पेन्सिल:

आणीबाणीत मी एका जिल्ह्याच्या गावी मराठी दैनिकात कनिष्ठ उपसंपादक होतो. त्या काळाबद्दल पत्रकार जे सांगतात त्यात शौर्य फार असतं. रोजचं काम कसं चालायचं ते मी लिहितो.

पहिल्या आठवड्यात संपादकीयाची जागा कोरी सोडायची पद्धत पडली होती. ‘इंडियन एक्सप्रेस’ने २८ जून १९७५ ला तसं केलं, बाकीच्यांना धीर आला. लगेच सूचना आली, कोरी जागा चालणार नाही. मोठ्या माणसांची स्वातंत्र्यावरची वचनं छापायची सोयही बंद झाली. त्यानंतर नियम साधा होता. शंका आली तर मजकूर आधी दाखवायचा.

आमच्याकडे संध्याकाळी शिपाई गॅलीप्रूफं, म्हणजे छपाईआधीचे तपासणीचे कागद, घेऊन माहिती खात्याच्या कार्यालयात जायचा. तिथले अधिकारी काही राक्षस नव्हते. मराठीचे पदवीधर होते, कवितांची आवड होती. ते ओळ खोडायचे, समासात सही करायचे, शिक्का मारायचे. काय खोडलं त्याचं कारण कधीच लिहिलेलं नसायचं. दुधाच्या टंचाईची बातमी खोडली जायची, शेजारी मंत्र्यांच्या दौऱ्याची तशीच राहायची. मग रात्रपाळीला पान परत लावायचं. खिळे जुळवणारा माणूस वैतागायचा, गाडी चुकायची, तालुक्याला अंक दुपारी पोचायचा.

पुढे काय झालं ते महत्त्वाचं. काही आठवड्यांनी शिपायाच्या हातातला गठ्ठा पातळ होत गेला. अधिकारी सैल झाले म्हणून नव्हे. डेस्कवरच निवड व्हायला लागली. “हे कशाला पाठवता, खोडणारच आहेत,” असं मुख्य उपसंपादक म्हणायचे, आणि त्यांचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं, कारण गाडी वेळेवर सुटायची. मग वार्ताहरांनाही अंदाज आला. मोर्चाची बातमी तालुक्यातूनच येईनाशी झाली. शेवटी शेवटी अधिकाऱ्यांना खोडायला काही उरलंच नव्हतं. आणीबाणीत किती बातम्या कापल्या गेल्या याचे हिशेब लोक मांडतात. लिहिल्याच न गेलेल्या बातम्यांची कात्रणं कुठल्याच फाइलीत नाहीत.

---

रानपाखरू:

निळी_पेन्सिल, हे वाचून अंगावर काटा आला. अजून लिहा. मराठीत त्या काळात कोणीच उभं राहिलं नाही का?

---

निळी_पेन्सिल:

राहिले ना. पण मोठ्या खपाच्या दैनिकांपेक्षा लहान नियतकालिकं आणि लेखक जास्त. यदुनाथ थत्त्यांच्या संपादनाखालच्या ‘साधना’वर कारवाई झाली, ते न्यायालयात गेले. दुर्गाबाई भागवत पत्रकार नव्हत्या. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या, स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री. त्या मंचावरून बाई लेखनस्वातंत्र्यावर बोलल्या आणि जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी लोकांना उभं राहून प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली.

आणि मिनू मसानींचं ‘फ्रीडम फर्स्ट’. मासिक कसलं, पातळ अंक, खप किरकोळ. सेन्सॉरने त्यातले अकरा मजकूर अडवले. मसानींनी मुंबई उच्च न्यायालयात भांडण नेलं. फेब्रुवारी १९७६ मध्ये न्या. मादन आणि न्या. कानिया यांनी निकाल दिला, आणीबाणी चालू असताना. सगळ्या पत्रांना एकाच वाऱ्याच्या दिशेने शिडं लावायला लावणं, एका सुरात बोलायला लावणं हे सेन्सॉरचं काम नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. तो निकाल हातात असतानाही मोठ्या दैनिकांनी त्याचा फारसा उपयोग करून घेतला नाही. ज्यांच्याकडे वकील होते, पैसा होता, त्यांनीच. याचं उत्तर मला अजून हवं आहे.

---

शाईवाला:

या उत्तराचा एक धागा मागे जातो. सरकारने दुसऱ्या पत्रकाराला धरावं असं पत्रकारांनीच म्हणणं, ही आजची गोष्ट नाही. १८९७ मध्ये रँडचा खून झाल्यावर मुंबईतल्या इंग्रजी पत्रांनी ‘केसरी’तल्या लेखांकडे बोट दाखवून टिळकांवर कारवाईची मागणी लावून धरली. मग खटला झाला, न्या. स्ट्रेची यांनी ‘अप्रीती’चा अर्थ ‘प्रीतीचा अभाव’ असा जूरीला समजावला, आणि अठरा महिने सक्तमजुरी झाली. म्हणजे सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा.

पण त्याच खटल्यात दुसरं टोकही दिसतं. टिळकांच्या बचावाचे बॅरिस्टर कलकत्त्याहून आले. तिथे निधी जमवण्यात ‘अमृतबझार पत्रिका’चे घोष बंधू होते. हजारभर मैलांवरचं, वेगळ्या भाषेतलं पत्र. १८७८ च्या देशी वृत्तपत्र कायद्याचा चटका त्यांना बसलेला होता, देशी भाषांतल्या पत्रांपुरत्या त्या कायद्याच्या कचाट्यातून सुटायला ‘पत्रिका’ रातोरात इंग्रजी झाली होती. स्वतःला लागलेला चटका दुसऱ्याच्या वेळी आठवणं, एवढंच तर मागणं आहे.

अवांतर वाटेल, पण आगरकरांचंही नाव घेतलं पाहिजे. टिळक-आगरकर दोघं १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात (संस्थानच्या दिवाणाच्या बदनामीचा खटला) डोंगरीच्या तुरुंगात एकत्र १०१ दिवस होते. सरकारी शिक्षेपुढे दोघं एक. पुढे आगरकरांना आपली सामाजिक मतं ‘केसरी’त मोकळेपणी मांडता येईनात, ते बाहेर पडले आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा निघाली. गळचेपी फक्त सरकार करतं हा समज मराठी पत्रकारितेला तरी नसावा.

---

तालुका_वार्ताहर:

मी आजचं सांगतो. एका मराठी दैनिकाचा तालुक्याचा वार्ताहर आहे. नेमणुकीचं पत्र नाही, मानधन म्हणावं इतकं नाही. ओळखपत्र आहे, तेही दरवर्षी जाहिरातीचं टार्गेट पूर्ण केलं तर.

सेन्सॉरचा शिक्का आम्हाला कोणी मारत नाही. नदीपात्रातून रात्री हायवा भरून वाळू जाते, सगळ्या गावाला माहीत. मी बातमी केली, फोटो होता, तहसील कार्यालयाची बाजू घेतली होती. रात्री जिल्हा कार्यालयातून फोन आला. “बातमी चांगली आहे, पण पुढच्या आठवड्यात वर्धापनदिनाची पुरवणी आहे ना, जरा थांबू.” त्या पुरवणीत ज्यांचं पूर्ण पान होतं त्यांचेच नातेवाईक त्या घाटावर आहेत, हे मला माहीत, कार्यालयालाही माहीत. पुरवणी निघाली. बातमी शिळी झाली म्हणून गेली नाही.

हे सरकारी सेन्सॉरशिपमध्ये मोडतं का? मी मोडतं म्हणतो. कारण त्या पानाखेरीज पत्राची सगळी भिस्त सरकारी दर्शनी जाहिरातींवर आहे. शासनाच्या यादीवर नाव राहिलं पाहिजे, बिलं निघाली पाहिजेत. कोणीही लेखी धमकी देत नाही. बिल अडकतं.

तरीही छापलंच तर पुढची पायरी खंडणीचा गुन्हा. आणि इथे मी आमच्याच लोकांबद्दल बोलतो, खंडणी मागणारे आमच्यात आहेत. त्यामुळे खऱ्या बातमीदारावर गुन्हा दाखल झाला की तालुक्यातले बाकीचे पत्रकार म्हणतात, “काय माहीत, घेतलेही असतील.” त्या एका वाक्यावर माणूस एकटा पडतो. संघटनेचं निवेदन निघतं ते पदाधिकाऱ्याच्या जवळचा असेल तर.

---

मेघमाला:

+१. शेवटचं वाक्य छापून प्रत्येक पत्रकार भवनात लावायला हवं.

---

कायदाभान:

वार्ताहरभाऊ, तुमच्यासाठी केलेला कायदा तुम्हालाच लागू होईल का, याची शंका आहे. महाराष्ट्राने २०१७ मध्ये पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा केला, राष्ट्रपतींची संमती मिळून तो २०१९ मध्ये लागू झाला. हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण त्यात ‘प्रसारमाध्यमातील व्यक्ती’ म्हणजे नियमित किंवा कंत्राटी तत्त्वावर नेमलेली. नेमणुकीचं पत्रच नसेल तर सिद्ध काय करणार? स्वतःचं चॅनेल चालवणाऱ्या एकट्या माणसाचं तर विचारूच नका. या कायद्यासाठी संघटना वर्षानुवर्षं लढल्या, ते श्रेय त्यांचंच. पण पत्रकार म्हणून वेगळं संरक्षण मागितलं की पत्रकार कोण हे ठरवायचा अधिकार सरकारकडे जातो. धागाकर्त्याचा आंबेडकरांचा मुद्दा इथे येऊन लागतो.

आणखी एक. हल्लीच्या सेन्सॉरशिपचा मोठा भाग दिसतच नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ आणि त्याखालचे २००९ चे नियम बघा. त्यातला नियम १६ सांगतो, तक्रार आणि कारवाई गोपनीय ठेवायची. ज्याची पोस्ट किंवा संकेतस्थळ बंद झालं त्याला बऱ्याचदा कारण कळत नाही. कारणच नाही तर आव्हान कशाला देणार? निळी_पेन्सिल यांच्या अधिकाऱ्यांची समासात सही तरी असायची. मे २०२५ मध्ये एक्स (पूर्वीचं ट्विटर) कंपनीनेच जाहीर केलं की भारत सरकारकडून आठ हजारांहून जास्त खाती रोखण्याचे आदेश आलेत आणि बहुतेक खात्यांच्या बाबतीत कुठली पोस्ट बेकायदा ते सांगितलेलं नाही.

न्यायालयाने दोनदा बरं बोट ठेवलंय. जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात म्हटलं, इंटरनेट बंद करण्याचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, बेमुदत बंदी चालणार नाही. एप्रिल २०२३ मध्ये मीडियावन या मल्याळम वृत्तवाहिनीचा परवाना अडवल्याच्या प्रकरणात बंद लिफाफ्यात कारणं देण्याच्या पद्धतीवर ताशेरे ओढले आणि सरकारच्या धोरणावर टीका करणं म्हणजे व्यवस्थाविरोधी असणं नव्हे, असं सांगितलं. पण पहिल्या निकालाने काश्मीरमधलं इंटरनेट त्या दिवशी चालू झालं नाही, हेही नोंदवायला हवं.

---

दख्खनी:

मी वेगळ्या बाजूने बोलणार आहे, राग नसावा. २६/११ ला वाहिन्यांनी कमांडो कारवाई थेट दाखवली. २०१२ च्या कसाबच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक शब्द वापरले, पलीकडून फोनवर सूचना देणारे ते प्रक्षेपण बघत होते. जवान आत जीव धोक्यात घालत असताना. तिथे अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणून गप्प बसायचं? मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्षाच्या दिवसांत वाहिन्यांनी शत्रूची शहरं पडल्याच्या खोट्या बातम्या रात्रभर चालवल्या. सरकारने लगाम घालू नये, आणि हे स्वतः घालत नाहीत, मग लोकांनी काय करायचं? संघटना स्वनियमनाचं सांगतात. ते दात नसलेलं आहे. पत्रकारांनी आधी आपलं घर नीट करावं, मग सरकारकडे बोट दाखवावं.

---

सांजवाचक:

दख्खनी, राग कसला. हाच प्रश्न टाळून पत्रकार बोलतात म्हणून लोकांचा विश्वास बसत नाही.

२६/११ बद्दल मी तुमच्याशी सहमत आहे. त्यानंतर २०१५ मध्ये केबल नियमांत बदल झाला, दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण बंद, कारवाई संपेपर्यंत नेमलेला अधिकारी ठरावीक वेळाने माहिती देणार. मी हा नियम मान्य करतो. तो एका प्रसंगापुरता आहे, लिहून प्रसिद्ध केलेला आहे, सगळ्यांना सारखा आहे आणि कारवाई संपली की संपतो. या चार कसोट्यांवर बाकीचे हुकूम लावून बघा. काश्मीरमध्ये २०१९ मध्ये इंटरनेट महिनोन्‌महिने बंद होतं, पत्रकार सरकारी सुविधा केंद्रातल्या मोजक्या संगणकांसमोर रांगेत उभे राहून बातम्या पाठवत होते. ते कुठल्या कसोटीवर उतरतं?

आणि याच वेळी भारतीय प्रेस कौन्सिलने काय केलं ते धागा काढताना लिहायचं राहिलं. कौन्सिलच्या अध्यक्षांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, निर्बंध देशाच्या अखंडतेच्या हिताचे आहेत असा. वृत्तपत्रस्वातंत्र्य जपायला कायद्याने उभी केलेली संस्था, अध्यक्ष सोडून २८ सदस्य, त्यातले २० वृत्तपत्रसृष्टीतले. सदस्यांनाच ते माहीत नव्हतं. देशभरातून टीका झाल्यावर भूमिका बदलली. ती बदलायला लावणारे पत्रकारच होते, ही जमेची बाजू. पण असा अर्ज करायचं धाडस होऊ शकतं, हे वातावरण कोणी तयार केलं?

खोट्या बातम्यांबद्दल. मे २०२५ च्या त्या रात्री खोटं दाखवणाऱ्या वाहिन्या चालूच राहिल्या आणि त्याच आठवड्यात एक टीकाकार वृत्त-संकेतस्थळ काही काळ बंद होतं. लगाम घालायचा अधिकार दिला की तो कोणाच्या तोंडात जातो, ते दिसलं.

---

दख्खनी:

चार कसोट्या पटल्या. पण खोट्या बातमीचा बळी ठरलेल्या माणसाला तुम्ही काय उत्तर द्याल, हे अजून आलेलं नाही.

---

कायदाभान:

त्याच्यासाठी दिवाणी दावा आहे, दुरुस्ती छापून घ्यायचा आग्रह आहे, वाहिन्यांच्या प्राधिकरणाकडे तक्रार आहे. तिन्ही संथ आहेत, हे मान्य. पण ‘खोटं काय ते सरकार ठरवेल’ हा उपाय नुकताच करून बघितला गेला. २०२३ मध्ये नियम बदलून केंद्राने स्वतःच्या कारभाराविषयीची बातमी खोटी की खरी हे ठरवणारा सत्यशोधन कक्ष आणायचं ठरवलं. मुंबई उच्च न्यायालयात आव्हान देणारे कोण होते बघा. विनोदी कलाकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आणि नियतकालिकांची संघटना. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायाधीशांची मतं विरुद्ध गेली, मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कक्षाला स्थगिती दिली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिसऱ्या न्यायाधीशांच्या मताने तो नियम घटनाबाह्य ठरला.

संपादकांची संघटना आणि स्टँडअप करणारा माणूस एकाच निकालपत्रात, शेजारी शेजारी. धागाकर्त्याला जे हवं आहे ते इथे घडलंय. राजद्रोहाच्या १२४अ विरुद्धही गिल्ड न्यायालयात होती, मे २०२२ मध्ये ते कलम स्थगित झालं. आता भारतीय न्याय संहितेच्या १५२ मध्ये त्याचा बराचसा आशय परत आला, तो भाग वेगळा.

---

रानपाखरू:

मग दिल्लीत हे होतं आणि तालुक्यात का होत नाही?

---

तालुका_वार्ताहर:

कारण दिल्लीतल्या संपादकाला गिल्ड आहे, वकील आहे. आम्हाला उद्या त्याच तहसील कार्यालयात जायचं असतं. बातमीचा माणूस तोच, जाहिरातीचा तोच, गुन्हा दाखल करणारा त्याच्या ओळखीचा.

पण एक सांगतो. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे रस्त्याचे खड्डे दाखवणाऱ्या एका मोबाइलवाल्या पोराला पोलिसांनी दिवसभर ठाण्यात बसवून ठेवलं. पत्रकार म्हणवणारे आम्ही तिथे होतो, कोणी म्हणालं, “तो पत्रकार नाही, त्याच्यासाठी आपण कशाला बोलायचं.” एका साप्ताहिकाचे म्हातारे संपादक मात्र आत गेले आणि ठाणेदारांसमोर खुर्ची ओढून बसले. “नोंद कुठल्या कलमाखाली केली ते सांगा, मी छापतो,” एवढंच म्हणाले. कलम नव्हतंच. पोराला सोडलं. त्या साप्ताहिकाला सरकारी जाहिरात मिळत नाही, त्यामुळे त्यांचं अडकायला काही नव्हतं.

---

निळी_पेन्सिल:

वार्ताहरभाऊ, तुमचं शेवटचं वाक्य म्हणजे माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. १९७५ मध्येही जाहिराती तोडणं हे शस्त्र वापरलं गेलं, आणि न्यूजप्रिंटचा कोटा होता. त्याच्या बऱ्याच आधी ‘सकाळ’ने पान आणि किंमत यांची सांगड घालणारा कायदा सर्वोच्च न्यायालयात पाडला होता, मग १९७२ मध्ये बेनेट कोलमनच्या खटल्यात दहा पानांची मर्यादा रद्द झाली. कागद, पानं, जाहिरात यांवर हात ठेवणं हे विचारांवरच हात ठेवणं आहे, हे न्यायालयाने तेव्हा मान्य केलं. मालकांनी ते भांडण स्वतःच्या पैशासाठी केलं असेल, पण निकाल सगळ्यांच्या कामाचा आहे. आज जाहिरातींच्या वाटपावर असा खटला का उभा राहत नाही?

---

शाईवाला:

कारण ज्याची बिलं अडकली आहेत तो अर्जदार व्हायला तयार नाही. आणि ज्याला वेळेवर मिळतात त्याला तक्रार नाही.

---

कायदाभान:

अर्जदार वृत्तपत्रच असायला हवं असं नाही. पैसा करदात्यांचा आहे. जिल्हा माहिती कार्यालयाकडे माहिती अधिकारात कोणीही अर्ज करू शकतो: गेल्या तीन आर्थिक वर्षांत कुठल्या दैनिक-साप्ताहिकाला किती दर्शनी जाहिराती दिल्या, रक्कम किती, बिल सादर केल्याची आणि पैसे दिल्याची तारीख कोणती. शेवटचे दोन रकाने महत्त्वाचे, ते विसरू नका. अमुक बातमी छापून आल्यानंतर अमुक पत्राची बिलं रखडली हे तारखांवरून दिसेल. शुल्क दहा रुपये, उत्तराला तीस दिवस. नाही दिलं तर पहिलं अपील त्याच खात्याच्या वरिष्ठांकडे.

---

सांजवाचक:

माझ्या जिल्ह्याचा अर्ज मी लिहायला घेतलाय. वार्ताहरभाऊ, तुम्ही करू नका, तुमच्या नावाने नको. तुमच्या जिल्ह्यासाठी दुसऱ्या गावचा वाचक करेल. कोण करतंय?

---

रानपाखरू:

मी करते. मसुदा इथे टाका.

---

दख्खनी:

मीही. माझ्या जिल्ह्यात ज्या पत्राला सगळ्यात जास्त जाहिराती मिळतात ते माझ्या मताचं आहे. त्याचा हिशेबही बाहेर येऊ दे.